दोर सुटला तो माझ्या तोंडून

दादा,

आपल्या गिर्यारोहण मंडळाने माझ्याकडे तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. रविवारी पालघरला तुमची शोकसभा आहे. तिथे ती वाचायची आणि नंतर स्मरणिकेत छापायची. "विलासराव, मोरेश्वरदादांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?" असं अध्यक्ष फोनवर म्हणाले. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी ती दोन पानं तीनदा लिहिली आणि तीनदा फाडली. तिन्ही वेळा लेख छान उतरला होता, अडचण तीच होती. 'सागरपुत्र' झालं, 'हिमवीर' झालं, 'बोईसरच्या गिर्यारोहणाचा पाया' वगैरे सगळं झालं. आणि तिन्ही वेळा एक वाक्य माझ्या हातून आपोआप उतरलं: "लढाईने दादांच्या मनावर जो घाव घातला, तो अखेरपर्यंत भरला नाही." हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा बोललोय की त्याला आता विचार लागत नाही.

वाक्य खोटं नाही. पण त्याच्या आड मी सत्तावीस वर्षं लपून बसलोय. आज चौथ्यांदा लिहायला बसलोय ते, आडोसा सोडून तुमच्यासमोर उभं राहता येतं का, हे बघायला. तुम्ही असताना जमलं नाही. तुम्ही गेल्यावर जमवण्यात काय मोठा पुरुषार्थ, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

आपली ओळख एका शब्दावरून झाली. मी तेव्हा बोईसरच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे खलाशी होतो. कारखान्यातला खलाशी, म्हणजे क्रेनला अवजड माल बांधून चढवणारा-उतरवणारा गडी. तुम्ही फौजेतून येऊन वर्षही झालं नव्हतं, गेटवर सिक्युरिटीत होतात. एक दिवस मी आवारात क्रेनवाल्याला "हबेस, हबेस" म्हणून ओरडत होतो, तर तुम्ही गेट सोडून हसत आलात. "आरं, हा तर आमचा बोटीवरचा शबुद! तू कुठला?"

मी सरावलीचा, बाप धुळ्याकडून नोकरीला आलेला. समुद्र फक्त सहलीत पाहिलेला. तुम्ही नवापूरचे, सात पिढ्या मासेमारीतल्या. तुमच्याकडे शीड चढवताना हबेस म्हणत आणि उतरवताना आरिया. आमच्याकडे क्रेनला तेच. हबेस म्हणजे ओढ, वर घे. आरिया म्हणजे ढील दे, खाली सोड. एवढ्यावर आपण चहा प्यायलो. 'विलास' तुमच्या तोंडी बसेना, त्या दिवसापासून मी तुमचा 'इलास' झालो. मला अशी हाक तुमच्या घराबाहेर कोणीही मारलेली नाही.

तुमच्या डाव्या हाताची दोन बोटं टोकाला नव्हती. गेटवर पोरं विचारायची तेव्हा तुम्ही सांगायचात, "बोंबील समजून बायकोनं कापली." हिरावहिनींना हे कळलं तेव्हा त्यांनी तुम्हाला जे ऐकवलं ते मी ओट्यावर बसून ऐकलंय. खरं काय ते तुम्ही मला पुढे एका दिवाळीत सांगितलंत, अशेरीगडाच्या गुहेत.

दिवाळी आली की तुम्ही सुट्टी टाकून अशेरीवर जायचात. चार दिवस वर गुहेत राहायचात, टाक्याचं पाणी, बरोबर सुकट आणि तांदूळ. मला वाटायचं काय हौशी माणूस आहे! मी मागे लागलो म्हणून मला घेऊन गेलात. पायथ्याच्या पाड्यावरचा रुपजी, वारली पोरगा, माझ्याच वयाचा, तो वाटाड्या म्हणून आला आणि कायमचा आपला झाला. कातळावर तो असा चढायचा की तुम्ही म्हणायचात, "ह्याला दोर बांदला तर दोरच पडंल." आपलं गिर्यारोहण मंडळ त्या तीन माणसांच्या दिवाळीतून निघालं. आज मंडळाचा दिवाळी ट्रेक म्हणजे केवढा थाट असतो! चाळीस गाड्या, छापील टी-शर्ट. कोणालाही विचारा, ती आपली परंपरा आहे. ती कशासाठी सुरू झाली हे त्यातल्या एकालाही ठाऊक नाही.

दुसऱ्या वर्षी कुठल्यातरी पाड्यावर लग्नातले उरलेले आपटबार कोणीतरी लावले. तुम्ही भात ढवळत होतात. आवाज वर आला तसे तुम्ही गुहेच्या आतल्या भिंतीला पाठ लावून बसलात, डोळे छताकडे. मग म्हणालात, "आवाज पयला येतो, मंग बरफ येतो." वर हिमनदीवरच्या चौकीवर तोफगोळा पडला होता. गोळ्याने कोणी मेलं नाही. गोळ्याने वरचा बर्फ सुटला आणि तो तंबूवर आला, आत दोघे होते. तुम्ही हातांनी उकरत राहिलात. त्यात ती बोटं गेली. दोघे मिळाले, पण उपयोग नव्हता. "तवापासून आवाज आला का मी बरफाची वाट बघतो, इलास. हितं बरफ कुठला, कलतं मना. पन अंगाला नाय कलत."

हे तुम्ही हिरावहिनींनाही सगळं सांगितलं नव्हतं. मला सांगितलंत. रुपजी तेव्हा पाणी आणायला गेला होता. मी त्या विश्वासाचं काय केलं ते पुढे येतंच.

आपली सुरुवात आठवली की आज हसू येतं. तुमच्या भावाच्या बोटीवरचा नायलॉनचा दोर, त्याला मासळीचा वास. कातळात ठोकायचे खुंट आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत बनलेले. गाठी मात्र तुमच्या. त्या कधी सुटल्या नाहीत. काळदुर्गाच्या माथ्यावरचा चौकोनी कातळ आपण पहिल्यांदा चढलो, मग महालक्ष्मीच्या सुळक्यावर दोनदा आपटून तिसऱ्यांदा चढलो. हाका त्याच, हबेस आणि आरिया. मुंबईची पोरं हसायची, पण आपल्याला हे दोन शब्द झोपेतही कळत. आणि तुमचा एक नियम होता. दोर धरून वर बसलेल्याने डोकं चालवायचं नाही, खालून आलेला शब्द पाळायचा. अडचण खालच्याला कळते, वरच्याला नाही.

मग हिमालयाची टूम निघाली. बोईसर-पालघरची पहिली मोहीम! पालघरच्या शाळेतले एक सर नेते, आपण सात जण. सालवडच्या एका शिंप्याकडून कापूस भरलेली जाकिटं शिवून घेतली, त्यात आपण सगळे गाद्यांसारखे दिसायचो. तुम्ही यायला तयार नव्हतात. "बरफ बघून झाला माजा," एवढंच म्हणालात. मीच मागे लागलो. आपल्यातला बर्फावर चाललेला माणूस एकच होता, तुमच्याशिवाय गेलो असतो तर पहिल्या छावणीतूनच परतलो असतो. तुम्ही आलात ते आमच्यासाठी. आणि जाताना रस्त्यात जीपमध्ये, तुम्ही पुढे झोपलेले असताना, मी मागच्यांना गुहेतली गोष्ट सांगितली. चांगली रंगवून सांगितली. आपला मित्र केवढा मोठा, हे दाखवायचं होतं म्हणा. खरं म्हणजे एवढी गोष्ट त्याने फक्त मला सांगितलीय, हे दाखवायचं होतं.

दुसऱ्या छावणीच्या वर बर्फाची एक उभी भिंत होती, दोन ताड उंच असेल. तुम्ही आधी चढून वर खुंट ठोकून बसलात. माझा दोर तुमच्या हातात. मी मध्ये. रुपजी खाली, माझ्या बरोबर पायाखाली, आपल्या पाळीची वाट बघत. मध्यावर बर्फाचं पोट पुढे आलेलं, त्यामुळे तुम्हाला मी दिसत नव्हतो. खाली खोऱ्यात रस्त्याचं काम चाललं होतं. मी ते पोट ओलांडत असताना तिथे सुरुंग उडाला आणि डोंगराडोंगरांत घुमत राहिला.

त्या आवाजाने कोणी दचकलं असेल तर मी दचकलो. माझा उजवा पाय सुटला. मला ताणलेला दोर हवा होता, म्हणजे हबेस. आणि मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "आरिया! आरिया!"

का, ते मला ठाऊक आहे. कारखान्यात माझी जागा खाली असायची. क्रेनवरून येणारा माल मी उतरवून घ्यायचो. दिवसाचे आठ तास तोंडात एकच शब्द, आरिया, आरिया, अजून आरिया. भीतीने डोकं बंद पडलं आणि जीभ आपल्या ड्युटीवर गेली. तुम्ही शब्द ऐकलात, आणि नियमाप्रमाणे ढील दिलीत. मी आलो तो थेट रुपजीवर. माझ्या बुटाचे लोखंडी काटे त्याच्या गुडघ्यात शिरले. तो पाय आजही दुमडत नाही. जो माणूस दोराशिवाय कातळ चढायचा, तो सत्तावीस वर्षं पाड्याच्या उतारावर काठी टेकत उतरतो.

तंबूत सरांनी विचारलं, "वरून दोर सुटला कसा?" खरं सांगायला तेव्हा फार सोपं होतं, दादा. "सर, मी चुकीचं ओरडलो." चार शब्द. पण मी खलाशी होतो. हबेस-आरियात चुकलेला खलाशी! सगळं बोईसर हसलं असतं, पुढच्या मोहिमेत मला कोणी घेतलं नसतं. मी म्हणालो, "मी हबेस म्हणालो होतो." रुपजीला माझा शब्द नीट ऐकूच आला नव्हता, माकडटोपी, वारा आणि तो घुमारा. मग जीपमध्ये ती गोष्ट ऐकलेल्यांपैकी एक जण हळूच बोलला, "सुरुंग उडाला ना तेव्हाच. दादांना आवाज…" सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. बंदूक मी जीपमध्येच भरून ठेवली होती, आता नुसतं गप्प बसलो तरी पुरेसं होतं. मी गप्प बसलो.

तुम्ही चिडायला हवं होतंत. माझी गचांडी धरायला हवी होतीत. तुम्ही म्हणालात, "आवाज आला खरा. त्याच्या फुडचं मना नक्की नाय आटवत."

परतीच्या वाटेवर एका ढाब्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत. मी तोंड चुकवत होतो, पण त्या रस्त्यावर जाणार कुठे?

"इलास, खरं सांग. तू काय हाकारलास? मना वाटतं मी आरिया ऐकला."

"नाही दादा. हबेस."

तुम्ही मान हलवलीत. स्वतःचा डावा हात उलटासुलटा करून पाहिलात. "मंग हातच," असं म्हणून हात धुवायला गेलात. दुसऱ्यांदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं मनाला समजावलं. नसतं सांगितलं. मला माझा स्वभाव माहीत आहे.

त्यानंतर तुम्ही दोराला हात लावला नाहीत. मंडळाला कोणी काढायला सांगितलं नव्हतं, तुम्हीच बाजूला झालात. अशेरीही सोडलीत. दिवाळीत आतल्या खोलीत दार लावून बसू लागलात. तुमची जी एक जागा होती जिथे आवाज कमी यायचा, तीही माझ्या एका शब्दाने गेली. आणि मी? मी पुढच्या मोहिमेला गेलो, त्या पुढच्याही. हार घालून घेतले, फेटे बांधून घेतले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती माझ्यासाठीच म्हण.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पुढे मी मंडळाच्या शिबिरात शिकवू लागलो. दोर धरणाऱ्याची जबाबदारी, असा माझा एक तास असायचा. त्यात मी उदाहरण द्यायचो: नाव न घेता, एक शूर फौजी, लढाईचा धसका, सुरुंगाचा आवाज, सुटलेला दोर, एका साथीदाराचा अधू झालेला पाय. "मन खचलेल्या माणसाच्या हाती कधी दोर देऊ नका," असं म्हणून मी फळ्यावर खाली रेघ मारायचो. एका वर्षी तुम्ही शिबिराला मासळीच्या जेवणाची व्यवस्था बघायला आला होतात आणि मागच्या दाराशी उभे राहून तो तास ऐकलात. मी तुम्हाला पाहिलं, आणि तास थांबवला नाही. नंतर मला म्हणालात, "बराबर शिकवतोस. नाव घेतलं असतास तरी चाललं असतं. पोरांना फायदा होतो."

मी त्या दिवशी तुमच्या हातचं जेवलो नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं. तुम्ही ओवा आणून दिलात.

आपला एक वाद अर्धवट राहिला आहे. मी मंडळाच्या बैठकीत ठराव आणला की हबेस आणि आरिया बंद, यापुढे 'टाइट' आणि 'स्लॅक'. सगळे करतात तसं, शास्त्रशुद्ध. बैठकीला कधी न येणारे तुम्ही त्या दिवशी आलात. "शब्दाची काय चूक?" म्हणालात. "चूक माज्या हाताची व्हती. हाताच्या पायी शब्दाला का शिक्षा?" मी काहीतरी बाहेरच्या पोरांना कळत नाही वगैरे बोललो. ठराव झाला. खरं कारण असं की तो शब्द मला पुन्हा ऐकायचा नव्हता. सत्तावीस वर्षांत तुम्ही माझ्याशी भांडलात ते एवढं एकदाच, आणि तेही एका शब्दाची बाजू घेऊन. वाद तुम्ही जिंकला होतात, दादा. शब्दाची चूक नव्हती. पण हाताचीही नव्हती.

आणि एवढं करून मी तुमच्या घरी येत राहिलो, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. माझ्या मुलीला पोहायला तुम्ही शिकवलंत, नवापूरच्या समुद्रात. ती पाचेक वर्षांची असेल. भरतीच्या पाण्यात तुम्ही तिला एका हातावर धरलं होतंत, त्याच डाव्या हातावर, आणि मी किनाऱ्यावर निवांत बसून वहिनींनी दिलेली बोंबलाची भजी खात होतो. एक क्षणही मला काळजी वाटली नाही. तो मन खचलेल्या माणसाचा हात म्हणून फळ्यावर रेघ मारणारा मीच, आणि आपलं पोर समुद्रात त्याच हातावर सोडणाराही मीच. ती आज उत्तम पोहते. तिच्या लग्नात वाजंत्री होती, बार नव्हते. का नव्हते, हे व्याह्यांना मी सांगितलं नाही. तेवढी एक गोष्ट मी तुमच्यासाठी केली. हिशोब म्हणून सांगत नाही, तुम्ही आलात आणि जेवून गेलात याचा मला आजही आनंद आहे.

शेवटचं सांगतो. ते सांगायलाच सगळ्यात जड जातंय.

दोन महिन्यांपूर्वी तुमचा श्वास लागू लागला तेव्हा तुम्ही मला बोलावून घेतलंत. "रुपजीला एकदा आन. मना त्याची माफी मागायची हाय." मी आणलं. स्वतः मोटारसायकलवर बसवून आणलं, पाय आडवा सरळ ठेवून. तुम्ही खाटेवर उठून बसलात आणि हात जोडलेत.

"रुपजी, माज्या हातून झाला तो. बरफाचा धाक व्हता, हात सुटला. तुजा पाय मी घेतला."

रुपजी कावराबावरा झाला. "ओ दादा, हात नका जोडू. मी कवाच इसरलूं. पाय काय, दुसरा हाय ना."

तुम्ही दोघं रडलात. मी पाटावर बसून होतो, माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो चहा प्यायलो, दादा. संपवला. तेव्हा तिसरा माणूस बोलायला हवा होता, आणि तो तिथेच, दोन हातांवर, चहा पीत बसला होता. परत येताना रुपजी मागे बसून म्हणत होता, "बरा झाला, त्यांच्या मनावरचा भार गेला." मी गाडी चालवत राहिलो.

परवा तुमच्या दहाव्याला नवापूरच्या किनाऱ्यावर मी गर्दीत मागे उभा होतो. लोक येऊन माझंच सांत्वन करत होते. ते मला सहन झालं नाही. काल सकाळी अशेरीच्या पाड्यावर जाऊन रुपजीला सगळं सांगितलं. तो अंगणात काठीवर टेकून ऐकत राहिला. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुधा मारलं नाही. म्हणाला, "माना कशाला सांगतोस? माझा पायच गेला नुसता. वहिनीला जाऊन सांग."

दुपारी नवापूरला गेलो. हिरावहिनी ओट्यावर एकट्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, सुरुंगापासून चहापर्यंत. सांगून झाल्यावर मी पायाशी वाकलो तर पाय मागे घेतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या:

"दर दिवालीला इचारायचा मना. 'हिरे, मी सोडला का गो दोर?' मी काय बोलू? तू बोललेलास सोडला, सगली बोलली सोडला. मी बोलायची, 'सोडला आसंल. जाऊ दे, मेला तर नाय ना कोन. च्या पी.' त्याला बरा वाटावा म्हनून बोलायची."

मी काहीतरी बोलायला गेलो, त्यांनी हाताने थांबवलं. मग तोच हात पुढे करून त्यावरून पदर बाजूला केला.

"आनि फटाका फुटला का माजा मनगट धरायचा. ह्यो. आसा धरायचा का बांगड्या फुटायच्या. चार-चार दिस काला-निला ऱ्हायचा. मी बोलायची सोड, तर त्याला सोडता नाय यायचा, एकेक बोट मी उकलायची. आवाजानं त्याची मूठ आवलायची रं, इलास. उघडायची नाय. दर साल माज्या हातावर दिसत व्हता, आनि त्याच हातानं च्या देऊन मी त्याला बोलायची, सोडला आसंल."

त्या रडल्या नाहीत. मला रडू आलं, ते त्यांनी चालू दिलं. निघताना मी विचारलं की रविवारी हे वाचू ना. मनात आशा होती की त्या म्हणतील, जाऊ दे, गेलेल्या माणसाचं कशाला. दादा, मी अजून असा आहे.

"वाच," त्या म्हणाल्या. "आनि मी काय बोलायची ते पन लिव."

"वहिनी, तुमचा काय दोष त्यात? तुमचं नको."

"लिव. तू खोटा एकदा बोललास. मना दर साल बोलाया लागला."

एकदा नाही वहिनी, एवढं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शिबिरांचं, फळ्यावरच्या रेघेचं त्यांना काही माहीत नाही. ते त्यांना रविवारी कळेल. रुपजीला मी सकाळी आणायला जाणार आहे, आणि त्या म्हणाल्या आहेत की त्याला आणि मला पुढच्याच खुर्च्या ठेव.